वाचकांचे प्रश्न : नवी कॅराव्हॅन, पहिला पाऊस आणि वॉरंटीची चालढकल

मोटारीमागे ओढायच्या कॅराव्हॅन ट्रेलरबद्दल सोलापूर आणि आसपासच्या गावांतून बरीच पत्रे आली. गाडी वेगळी, दोष वेगळा, पण तक्रार सारखीच: गाडी नवी आहे, वॉरंटी चालू आहे, तरी दोष कोणी अंगाला लावून घेत नाही. म्हणून या वेळचे सदर याच विषयाला दिले आहे.

मे महिन्यात सोळा फुटी ट्रेलर घेतला. जून-जुलैच्या सरींत काहीच जाणवले नाही. सप्टेंबरच्या पावसात मागच्या खिडकीखालचे प्लायवूड फुगले आणि गादीखाली ओल आली. बनवणारे म्हणतात, अडीचशे किलोमीटरवरच्या कारखान्यात घेऊन या. इथला फॅब्रिकेटर म्हणतो, अर्ध्या तासात सिलिकॉन मारून देतो. काय करावे?
— वाचक, जुळे सोलापूर

सिलिकॉन मारू देऊ नका. बाहेरच्या माणसाने हात लावला की "आमच्या कामात ढवळाढवळ झाली" ही सबब बनवणाऱ्याला आयती मिळते. शिवाय एकदा सिलिकॉन लागले की त्यावर दुसरे कोणतेही सीलंट नीट धरत नाही. पुढच्या मिस्त्रीला ते पत्र्यापर्यंत खरवडून काढावे लागते. बाजारातल्या स्वस्त सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. त्यातले आम्ल स्क्रूंना आणि पत्र्यालाही खाते. तोवर आधी फोटो काढा, मग ताडपत्री टाका. ताडपत्रीच्या दोऱ्या जिथे घासतील तिथे जुने कापड गुंडाळा.

पाणी जिथे दिसते तिथूनच शिरले असेल असे धरून चालू नका. छताच्या कोपऱ्यातून शिरलेले पाणी आतल्या चौकटीच्या पाइपावरून वाहत जाऊन खिडकीखाली उतरते. म्हणून पाइपाने पाणी मारून गळतीची जागा शोधा. कोरड्या दिवशी गाद्या, पडदे, खण बाहेर काढा. एक जण आत बॅटरी घेऊन बसेल, दुसरा बाहेर बागेच्या पाइपाने पाणी सोडेल. पाण्याला जोर नको, नुसते वाहते पाणी हवे. गाडी धुण्याचे प्रेशर मशीन तर अजिबात नको, त्याने चांगल्या सांध्यांतूनही पाणी आत जाते. सुरुवात खालून करायची: आधी भिंत आणि फरशीचा सांधा, मग खिडकीची खालची कड, दोन्ही बाजू, वरची कड, मग छताचा कोपरा आणि शेवटी छतावरचे फॅन, एसी, हॅच (उघडणारे झरोके). प्रत्येक टप्प्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबा. आत ओल दिसली की तिथेच थांबून खडूने खूण करा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्यावरूनच वाहते आणि काहीच कळत नाही. सगळ्याचा सलग व्हिडिओ काढा, सुरुवातीला तारीख मोठ्याने बोला.

हे करताना खिडकीच्या खालच्या चौकटीतली पाणी निघायची छोटी भोके जरूर पाहा. कारखान्यात घाईत बाहेरून सीलंट मारताना ती बुजतात. मग खाचेत साठलेले पाणी बाहेर न पडता उंबऱ्यावरून आत येते. असे असेल तर दोष पाच मिनिटांत निघतो. पण तो बनवणाऱ्याकडूनच काढून घ्या आणि तशी नोंद करून घ्या.

दोन पिनांचे ओलावा मोजायचे यंत्र मिळाले तर फार उपयोगी पडते. प्लायवूडमध्ये पंधरा टक्क्यांपर्यंत आकडा ठीक, वीसच्या वर ओल आहे, तीसच्या आसपास लाकूड कुजण्याच्या वाटेवर आहे. समोरच्या कोरड्या भिंतीवर त्याच उंचीला दुसरे माप घ्या आणि दोन्ही आकड्यांचे फोटो ठेवा. "हा दमटपणा हवेतला आहे" या उत्तराला मग जागा राहत नाही.

जूनमध्ये न गळलेली गाडी सप्टेंबरमध्ये का गळली? आपल्याकडचा जोराचा पाऊस सप्टेंबरातच पडतो, हे एक. दुसरे कारण उन्हाचे. सोलापूरच्या मे महिन्यात छताचा पत्रा दुपारी ६५ अंशांवर सहज जातो आणि पहाटे २५ वर येतो. पाच मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा पत्रा एवढ्या फरकाने सुमारे साडेचार मिलिमीटर लांबतो आणि पुन्हा आखडतो. हे रोज होते. सीलंटचा थर पातळ असेल किंवा ते लवचीक नसेल, तर उन्हाळाभर ताणून ते कडेला सुटते. डोळ्यांना दिसत नाही, पाण्याला मात्र वाट सापडते. म्हणून उन्हाळा संपताच, पावसाआधी, छताच्या सांध्यांवरून नख फिरवून पाहावे.

दुरुस्ती म्हणजे वरून नवा थर नव्हे. पत्रात नेमके मागा: खिडकीची चौकट काढावी, जुने सीलंट खरवडून जागा स्पिरिटने पुसावी, चौकटीखाली ब्यूटाइल टेपची (मऊ, चिकट रबरी टेप) सलग पट्टी द्यावी, स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत, बाहेर आलेली टेप कापून वरून पॉलियुरेथेन सीलंटचा थर द्यावा. फुगलेले प्लायवूड वाळवून वर लॅमिनेट चिकटवणे चालणार नाही. ते बदलून आयएस ७१० शिक्क्याचे पाण्यात टिकणारे प्लायवूड घालावे. काम झाल्यावर तुमच्यासमोर पुन्हा पाइपाने पाणी मारून दाखवावे.

तक्रार फोनवर करू नका, ईमेलवर करा, आणि अशी करा: "दि. … रोजी घेतलेल्या ट्रेलरच्या (चासी क्रमांक …) मागील डाव्या खिडकीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातून पाणी आत येते. दि. … रोजी पाणी सोडून तपासले, व्हिडिओ सोबत आहे. आतील प्लायवूडची ओल … टक्के. दुरुस्तीची तारीख आठ दिवसांत लेखी कळवावी." "गाडी गळते, काहीतरी करा" अशा तक्रारीला उत्तरही तसेच मोघम येते.

खिडकीचे काम तुमच्या दारात होण्यासारखे आहे, तेव्हा मिस्त्री पाठवण्याचा आग्रह धरा. कारखान्यातच न्यावी लागली तर नेण्या-आणण्याचा खर्च कोणाचा ते आधी लेखी ठरवा. गाडी देताना जॉबकार्डवर तारीख, आतले सामान आणि दोषाचे तुमच्या शब्दांतले वर्णन लिहून घ्या. गाडी तिथे पडून राहिली तेवढे दिवस वॉरंटी आपोआप वाढते असे समजू नका. तेही त्याच पत्रात मागून घ्या.

दोन हजार किलोमीटरही झाले नाहीत, आणि डाव्या चाकाचा टायर आतल्या बाजूने खाल्ला गेला. बनवणारे म्हणतात, तुम्ही जास्त वजन भरले. टायरचा डीलर म्हणतो, टायरमध्ये दोष नाही. खरे कोण?
— वाचक, विजापूर रस्ता

टायरचा डीलर बहुधा खरे बोलतो आहे. त्याचे म्हणणे त्याच्याकडून लेखी घ्या. "टायरमध्ये उत्पादनदोष नाही, झीज एकाच बाजूने आहे" असा नकार मिळाला की तो नाकारलेला दावा न राहता बनवणाऱ्याविरुद्धचा पुरावा होतो.

आता वजन. गाडी नेहमीच्या सामानासह वजनकाट्यावर न्या. एमआयडीसीत किंवा मार्केट यार्डाजवळ काट्यांची कमी नाही. आधी ट्रेलर मोटारीपासून सोडवून पूर्ण वजन करा. मग मोटारीला जोडून फक्त ट्रेलरची चाके काट्यावर घ्या. दोन्हींतला फरक म्हणजे हुकावर येणारा भार. तो एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के असावा, म्हणजे १,२०० किलोच्या ट्रेलरला १२० ते १८०. मात्र तुमच्या मोटारीच्या टो-बारवर (मागच्या ओढायच्या दांड्यावर) लिहिलेली मर्यादा त्याहून कमी असेल तर ती मर्यादा पाळायची. शेवटी एकेक बाजूचे चाक काट्यावर घ्या. पाण्याची टाकी, बॅटरी आणि गॅस तिन्ही डावीकडे बसवले असतील तर डाव्या चाकावर भार जास्त दिसेल. ती चूक मांडणीची, म्हणजे बनवणाऱ्याची. तिन्ही पावत्या जपून ठेवा. एकूण आकडा चासीच्या पाटीवरच्या कमाल वजनापेक्षा कमी असेल तर "जास्त भरले" हा मुद्दा तिथेच संपतो.

वजन जास्त असते तर सहसा दोन्ही टायर आतून खाल्ले गेले असते, कारण ॲक्सल मधे दबून दोन्ही चाके वरच्या बाजूने आत झुकतात. एकच चाक खाते तेव्हा त्या बाजूचा स्पिंडल (ज्यावर चाक फिरते तो ॲक्सलच्या टोकाचा दांडा) वाकलेला, बेअरिंग सैल, किंवा ॲक्सल तिरका बसलेला असतो. तिरका ॲक्सल घरीच मोजता येतो. सपाट जमिनीवर, ट्रेलरच्या पुढच्या टोकाला हुकावर बसणाऱ्या वाटीच्या मध्यापासून ॲक्सलच्या डाव्या टोकापर्यंत आणि उजव्या टोकापर्यंत स्टीलच्या टेपने माप घ्या. तीन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसवताना यू-बोल्ट वाकडे आवळले गेले आहेत किंवा हँगर (पाट्याला चासीवर धरणारा कंस) चुकीच्या जागी वेल्ड झाला आहे. पहिल्या कारणात दुरुस्ती तासाभराची आहे, दुसऱ्यात वेल्ड कापून पुन्हा करावा लागतो. तेव्हा बनवणारा नुसते यू-बोल्ट आवळून गाडी परत देऊ लागला तर त्याच्यासमोर पुन्हा टेप लावा.

बेअरिंगसाठी ॲक्सलखाली जॅक लावून चाक उचला, वर आणि खाली धरून हलवा. खटखट जाणवली तर नट सैल आहे. पंढरपूरपर्यंत जाऊन आल्यावर दोन्ही हबना (चाकांच्या मधल्या भागांना) हात लावून पाहा. एक कोमट आणि दुसरा हात ठेववत नाही इतका गरम असेल तर गाडी पुढे नेऊ नका. त्या हबात ग्रीस कमी आहे किंवा बेअरिंग फार घट्ट आवळले आहे.

टायरच्या कडेवरचा चार आकडी शिक्काही वाचा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. नव्या गाडीला चार-पाच वर्षे पडून राहिलेला टायर बसवला असेल तर तीही तक्रार करा.

१२ व्होल्टचा फ्रिज रात्री बंद पडतो. फ्रिजवाले म्हणतात वायरिंग वाईट, ट्रेलरवाले म्हणतात फ्रिज वाईट. आम्ही मधल्या मधे.
— वाचक, होटगी रस्ता

मल्टिमीटर असलेला वायरमन बोलवा आणि दोन मापे घ्या. कॉम्प्रेसर सुरू होत असताना बॅटरीच्या टोकांवर किती व्होल्ट, आणि त्याच क्षणी फ्रिजच्या मागच्या टोकांवर किती. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर दोष वायरिंगचा.

हिशेब सोपा आहे. बॅटरीपासून फ्रिज सहा मीटरवर असेल तर वायरची जाऊन-येऊन लांबी बारा मीटर. त्यात दीड चौरस मिलिमीटरची घरगुती वायर घातली असेल तर तिचा रोध सुमारे ०.१४ ओहम. सुरू होताना फ्रिजने ८ अँपिअर ओढले की एक व्होल्टहून जास्त वाटेतच जातो. पहाटे बॅटरी १२.२ वर आलेली असते (शिसे-आम्लाच्या बॅटरीत म्हणजे निम्मी उतरलेली), फ्रिजला मिळतात ११, आणि बॅटरी वाचवण्यासाठी फ्रिज स्वतःहून बंद होतो. सहा चौरस मिलिमीटरची वायर घातली तर तोटा पाव व्होल्टच्या आसपास राहतो. २३० व्होल्टला दीडची वायर पुरते म्हणून बारा व्होल्टलाही तीच घालणे, ही आपल्याकडची नेहमीची चूक आहे. वायर बदलताना फ्यूज बॅटरीजवळच हवा.

दोन्ही मापे ठीक निघाली तर फ्रिज कंपनीकडे जा. पण दोघांनी तुम्हाला टोलवायचे कारण नाही. फ्रिज वेगळ्या बिलाने घेतला नसेल, ट्रेलरच्या किमतीतच आला असेल, तर तुमचा विक्रेता ट्रेलरवाला आहे. फ्रिज कंपनीशी हिशेब त्याने करावा. हेच एसी, इन्व्हर्टर आणि पंपालाही लागू. तरीही प्रत्येक उपकरणाचे वॉरंटी कार्ड आणि सीरियल नंबर पहिल्या आठवड्यात नोंदवून टाका.

पावसात ट्रेलरच्या पायरीवर पाय ठेवून दाराला हात लावला की मुंग्या येतात. किरकोळ आहे का?
— वाचक, अक्कलकोट

नाही. आत्ताच बाहेरचा वीजजोड काढा आणि तपासणी होईपर्यंत लावू नका. बॉडीत करंट उतरतो आहे आणि अर्थिंग तुटलेले आहे, असा त्याचा अर्थ. अर्थिंग धड असते तर कट-आउट पडला असता. कारण तुमच्या घरच्या प्लगमध्ये असू शकते, एक्स्टेन्शनमध्ये असू शकते किंवा ट्रेलरमध्ये, म्हणून वायरमनने तिन्ही तपासावेत: प्लगमध्ये अर्थ आहे का, फेज-न्यूट्रल उलटे आहेत का, ट्रेलरच्या चासीपासून प्लगच्या अर्थ-पिनेपर्यंत वायर सलग आहे का. ट्रेलरच्या आत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट बाहेर उतरताच वीज तोडणारा स्विच) असायलाच हवा. तो नसेल, किंवा टेस्टचे बटण दाबून पडत नसेल, तर सुरक्षिततेचा दोष म्हणून त्याच दिवशी लेखी कळवा. या एका बाबतीत बनवणाऱ्याची वाट न पाहता स्थानिक परवानाधारक वायरमनकडून काम करून घ्यावे. त्याचा लेखी अहवाल आणि बिल तेवढे घ्या.

पुढच्या आठवड्यात डिलिव्हरी आहे. काय पाहून घ्यावे?
— वाचक, बाळे

संध्याकाळी ताबा घेऊ नका. सकाळी जा आणि चार तास हाताशी ठेवा. फ्रिज आदल्या रात्रीपासून चालू ठेवायला सांगा, कारण तो गार व्हायला वेळ लागतो आणि तुमच्यासमोर सुरू केला तर काहीच कळत नाही. पाण्याची टाकी काठोकाठ भरून घ्या, सगळे नळ सोडा, सिंकखाली हात फिरवा, मग खालून टाकी आणि सांधे पाहा. छतावर अर्धा तास पाणी सोडायला लावा. गॅसच्या प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तेव्हा गॅसच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारे भोक आहे का ते बघा. ते नसेल तर गाडी तशीच सोडून या.

मग मोटारीला जोडून पंचवीस-तीस किलोमीटर ओढा. ब्रेक आणि सिग्नलचे दिवे पाहा, परत आल्यावर टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) चाकांचे नट तपासा. नव्या चाकांचे नट बसताना सैल होतात. घरी येताना पन्नास आणि शंभर किलोमीटरवर पुन्हा आवळा. चासी क्रमांक स्वतः वाचून कागदांशी जुळवा.

"गाडी सुस्थितीत मिळाली" अशी छापील ओळ डिलिव्हरीच्या कागदावर असते. तिच्या खाली सापडलेले सगळे दोष हाताने लिहा, मगच सही करा, आणि त्या कागदाचा फोटो घ्या. शेवटचा हप्ता ही चाचणी झाल्यावर द्यायचा, असे आजच ठरवून घ्या.

तीनदा दुरुस्ती झाली, तरी छत गळतेच. ट्रेलर चौदा लाखांचा. मी तो अधूनमधून तुळजापूर-अक्कलकोटला जाणाऱ्या भाविकांना भाड्याने देतो. ग्राहक आयोगात जाता येईल का?
— वाचक, दक्षिण सोलापूर

भाड्याचा मुद्दा आधी, कारण समोरचा वकील तोच पहिल्यांदा काढेल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार व्यापारी हेतूने वस्तू घेणारा ग्राहक ठरत नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू मात्र यातून वगळली आहे. एकच ट्रेलर, तो तुम्ही स्वतः चालवता आणि त्यावर घर चालते, तर तक्रारीत हे स्पष्ट लिहा. मुख्य वापर घरचा असेल तर तसे लिहा आणि सहलींचे पुरावे जोडा. चार ट्रेलर आणि नोकर ठेवून धंदा असेल तर दिवाणी न्यायालयाचा रस्ता आहे. गाडीची नोंदणी खासगी वापराची असताना भाडे घेतले असेल, तर ते तुमच्यावर उलटेल. तक्रारीआधी वकिलाशी मोकळेपणाने बोला.

ग्राहक ठरलात तर तक्रार सोलापूरच्या जिल्हा आयोगातच करता येते. बनवणारा कुठलाही असो, तक्रारदार राहतो तिथे दाद मागण्याची सोय या कायद्याने दिली आहे. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. दहा ते वीस लाखांच्या टप्प्यात फी ४०० रुपये. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. "पुढच्या महिन्यात बघू" म्हणत बनवणारा तुम्हाला झुलवत राहिला तरी ही मुदत थांबत नाही.

त्याआधी स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पंधरा दिवसांची नोटीस द्या. तिन्ही जॉबकार्डांच्या तारखा आणि प्रत्येक वेळी काय केले ते लिहा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. पुष्कळदा प्रकरण तिथेच मिटते. आयोगाची नोटीस मिळाल्यावर समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस असतात, फार तर आणखी १५ मिळतात.

मागणी विचारपूर्वक करा. पूर्ण गाडी बदलून किंवा पैसे परत मिळण्यासाठी दोष मुळातल्या बांधणीतला आहे हे तज्ज्ञाच्या अहवालाने दाखवावे लागते. चार्टर्ड इंजिनिअर किंवा परवानाधारक वाहन सर्व्हेअरकडून तपासणी करून घ्या. छताचा सांधा कुठे आहे, त्याखाली आधार आहे का, पाणी साचण्याइतका खोलगटपणा आहे का, हे त्याने मापांसह लिहावे. एकाच जागी तीनदा सीलंट मारूनही गळते, म्हणजे बहुधा छताला उतारच नाही किंवा सांध्याखाली चौकटीचा पाइप नाही. अशा छताला चौथा थर लावून उपयोग नाही, ते उघडावेच लागेल. तेव्हा पहिली मागणी छत नव्याने बांधून देण्याची आणि त्यावर नवी वॉरंटी देण्याची ठेवा, पर्यायी मागणी रक्कम परत मिळण्याची आणि सोबत नुकसानभरपाईची.

रात्री सगळे नळ बंद असताना पाण्याचा पंप दर दहा मिनिटांनी टुकटुकतो.
— वाचक, मोहोळ

ओळीतला दाब कुठेतरी उतरतो आहे. पंपाच्या पुढचा कॉक बंद करून पाहा. तरीही टुकटुकला तर पंपाच्या आतली झडप धरत नाही, पंप बदलून मागा. थांबला तर पुढच्या एखाद्या जोडातून पाणी झिरपते आहे. सिंक, शॉवर, गीझर, संडास या क्रमाने प्रत्येक जोडाखाली रात्रभर कोरडा टिश्यू ठेवा. बोअरचे पाणी भरत असाल तर पंपाच्या आधीची जाळी काढून बघा. क्षाराचा कण झडपेत अडकला तरी हेच लक्षण दिसते, आणि ते जाळी धुऊन व टाकीत गाळलेले पाणी भरून सुटते. ती जाळीच बसवलेली नसेल तर तसा फोटो काढून बनवणाऱ्याला पाठवा.